पोरीचं नाव की सातबारा?

जिजीचं डोकं भिंतीवर दिसायच्या आधी तिचा आवाज येतो. नशिराबादच्या आमच्या गल्लीत दोन घरांमधली ही भिंत छातीइतकी उंच. वरची एक वीट कधीची निघाली आहे आणि त्या खाचेतून गेली तीस वर्षं वाट्या, पापड, गुडघेदुखीच्या गोळ्या आणि बातम्या इकडून तिकडे जातात. त्या दिवशी खाचेत भरिताची वाटी आली. वांगी असोद्याची, तुरकाट्यांवर भाजलेली. जिजीचं माहेर असोदा, त्यामुळे दुसऱ्या गावचं वांगं तिला वांगंच वाटत नाही. पण वाटी अर्धीच होती. जिजी रागात असली की भरीत कमी येतं आणि बोलणं जास्त.

“ऐकलं का बाई? आमच्या सूनबाईनं नाव काढलं पोरीचं.”

“काय काढलं?”

“लाना.”

“लाना?”

“लाना! काय लाना? सकायी गल्लीत हातगाडीवाला येतो, त्याले समद्या बाया हेच म्हनतात, ‘भैया, कल गिलके लाना.’ आता तो उद्या माझी नात घेऊन आला म्हंजे?”

मी हसले. हसायला नको होतं. जिजीने वाटी परत खाचेतून ओढायचा पवित्रा घेतला.

“अहो जिजी, पण हे नाव कुठून काढलं तिनं?”

“मोबाइलमधून. म्हने रसियाचं हाये. आख्खं नाव स्वेतलाना, त्याचं हे अर्धं. म्हंजे पाहा, चायीस वरसांमागं जी पाहुनी दारातून हाकलली, ती आता खिडकीतून आत आली!”

आता माझे कान टवकारले. मी भरिताची वाटी खाचेतच राहू दिली आणि भिंतीला टेकले. गोष्ट अशी आहे.

आबा, म्हणजे जिजीचे यजमान, भुसावळच्या लोको शेडमध्ये वेल्डर होते. सायकलने भादली स्टेशन, तिथून पॅसेंजरने भुसावळ, असा रोजचा क्रम. युनियनच्या ऑफिसात ‘सोव्हिएत देश’ मासिक यायचं. गुळगुळीत, जाड कागद, रंगीत चित्रं. घरोघरी त्याच्या पानांची शाळेच्या वह्यांना कव्हरं घातली जायची. आबा आधी ती पानं वाचायचे, मग कव्हरं घालायचे, एवढाच फरक. 1984 साल आपल्याकडे राकेश शर्मांचं. एप्रिलमध्ये ते साल्युत-7 या रशियन अंतराळ स्थानकावर राहून आले. त्याच स्थानकावर जुलैत एक बाई गेली, स्वेतलाना सावित्स्काया. 25 जुलैला ती स्थानकाबाहेर पडली. अंतराळात बाहेर येऊन काम करणारी जगातली पहिली बाई. आणि काम कसलं? वेल्डिंग! तीन तासांहून जास्त वेळ बाहेर राहून तिनं धातू कापला, जोडला.

शेडमधल्या वेल्डरला ही बातमी वाचून काय झालं असेल, विचार करा. उन्हाळ्यात पत्र्याखाली चष्मा लावून ठिणग्या खाणारा माणूस, आणि वर कुणीतरी बाई अधांतरी तरंगत तेच काम करतेय. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जिजीला मुलगी झाली. आबा घरी आले आणि आईला म्हणाले, पोरीचं नाव स्वेतलाना.

म्हातारीला एका कानाने कमी ऐकू यायचं. तिने विचारलं, “काय?”

“स्वेतलाना.”

“सेत ल्हान?” म्हातारी उठून बसली. “अरे, पोरीचं नाव ठेवतो का सातबारा वाचतो? सेत ल्हान! भावकीनं आधीच तुकडे करून करून ल्हान केलं, आता पोरीच्या तोंडूनबी गावाले सांगतो का?”

आबांनी समजावलं, आई, रशियातलं नाव आहे, चांगलं नाव आहे. कॉम्रेड डांग्यांनी मुलीचं नाव रोझा ठेवलं, ती 1974 मध्ये मुंबईतून लोकसभेत गेली. म्हातारी म्हणाली, “रोजे समोरच्या घरचे धरतात महिनाभर. आपल्याकडं चतुर्थी.” विषय संपला. बारशाला आत्याने कानात ‘श्वेता’ सांगितलं. आबा गप्प राहिले. म्हणजे इतके दिवस आम्ही समजत होतो की ते हरले म्हणून गप्प राहिले.

“तर आता तुमीच सांगा बाई,” जिजी म्हणाली, “तुमी मराठीच्या मास्तरीन. हे नाव म्हंजे हाये तरी काय? कोन्या देवीचं, कोन्या नदीचं?”

माझी पुतणी पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकली. सुट्टीत आली की माझ्या पदरात असल्या गोष्टी टाकून जाते, म्हणून मला ठाऊक.

“जिजी, कुठल्याच देवीचं नाही. ते नाव एका माणसाने कागदावर बनवलं.”

“बनवलं? म्हंजे जुनं नाही?”

“दोनशे वर्षांपूर्वीचं. वोस्तोकोव नावाचा कवी होता. 1802 मध्ये त्याने एक लांबलचक काव्यकथा लिहिली, स्वेतलाना आणि म्स्तिस्लाव यांची. त्याला जुन्या काळातली राजकन्या हवी होती आणि जुन्या काळातलं वाटेल असं नाव हवं होतं. सापडेना, तेव्हा त्यानेच घडवलं. रशियनमध्ये ‘स्वेत’ म्हणजे उजेड.”

“आनि लोकांनी मानलं?”

“हा माणूस स्वतःच्याच नावाचा कारागीर होता. जन्माने जर्मन घराण्यातला; मूळ आडनाव ओस्तेनेक. त्यातल्या ‘ओस्त’चा अर्थ पूर्व. रशियनमध्ये पूर्वेला ‘वोस्तोक’ म्हणतात, म्हणून झाला वोस्तोकोव. बोलताना अडखळायचा, तोतरा होता. पुढे भाषेचा मोठा पंडित झाला.”

जिजीला हे आवडलं. “म्हंजे आधी सोताचं बारसं केलं, मग दुसऱ्याच्या पोरीचं. आनि ज्याले सोताले बोलता येत नाही, त्याचं नाव समद्या रसियाच्या तोंडी.”

“लगेच नाही. नाव गाजवलं दुसऱ्याने, झुकोव्स्कीने. 1813 मध्ये त्याची ‘स्वेतलाना’ ही कविता छापून आली. जर्मन कवी ब्यूर्गरच्या एका भुताच्या कवितेवरून सुचलेली. कडाक्याच्या थंडीतली रात्र, पोरी भविष्य बघायला बसल्यात. स्वेतलाना एकटी आरशापुढे मेणबत्ती लावून बसते. परगावी गेलेला होणारा नवरा दिसतो, तिला घोडागाडीतून नेतो आणि निघतो मेलेला माणूस.”

“अरे देवा.”

“मग तिला जाग येते. स्वप्न होतं. सकाळी घंटा वाजवत गाडी येते आणि तो सुखरूप दारात उभा.”

“रातीले आरसा पाहू नये, हे तिकडंबी हाये म्हना,” जिजीने सुस्कारा सोडला. “पन चांगला सेवट केला हो. मग पोरींची नावं पडली?”

इथेच तर गंमत. पोरींची पडली नाहीत. बोटीचं पडलं. 1858 मध्ये रशियाच्या आरमारासाठी फ्रान्समध्ये बांधलेलं जहाज पाण्यात उतरलं, त्याचं नाव ‘स्वेतलाना’. ते जहाज पार पूर्वेच्या व्लादिवोस्तोक बंदरात जाऊन आलं, तर तिथल्या मुख्य रस्त्याला स्वेतलान्स्काया म्हणू लागले. आजही तेच नाव आहे. पुढे पीटर्सबर्गच्या एका कारखान्यात विजेचे दिवे निघू लागले, त्या दिव्यांचंही नाव स्वेतलाना. जहाज, रस्ता, बल्ब सगळ्यांचं झालं. जिवंत मुलीचं मात्र ठेवता येईना.

“काऊन? कोन आडवं आलं?”

“देऊळवाले. त्यांच्या चर्चमध्ये बारसं म्हणजे बाप्तिस्मा. आणि नाव घ्यायचं ते संतांच्या पंचांगातून. पंचांगात जो संत नाही, त्याचं नाव नाही. स्वेतलाना नावाची संत कुठून येणार? ती तर कवीच्या डोक्यातून आलेली. लोकांनी अर्ज केले, मोठ्या धर्मपीठाने ते फेटाळले.”

“मग आपल्यासारखं करायचं,” जिजी म्हणाली. “पायन्यातलं एक, हाकेचं दुसरं.”

“अगदी तेच केलं! घरी हाक मारायची स्वेतलाना, आणि चर्चच्या वहीत लिहायचं फोतिना.”

“हे काय आता नवीन?”

“ग्रीक भाषेत ‘फोस’ म्हणजे प्रकाश. आपण फोटो म्हणतो ना, तो त्याच घरातला. फोतिना म्हणजेही उजेडाचीच. आणि ही फोतिना कोण माहितीये? बायबलमध्ये एक बाई विहिरीवर पाणी भरायला येते. येशू तिथे बसलेला असतो, तिच्याकडे पाणी मागतो. तिला नवल वाटतं, कारण ती शोमरोनी. तिच्या लोकांशी ज्यू लोक पाण्याचाही संबंध ठेवत नसत. बायबलात तिला नाव नाही. तिकडच्या परंपरेने तिला नाव दिलं, फोतिना.”

जिजी थोडा वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “आमच्या ल्हानपनी विहिरीवर हेच व्हतं बाई. कोन्या घागरीले कोन्ती घागर लागली, यावरून भांडनं.” मग लगेच स्वतःला सावरून, “बिननावाची बाई. माझंबी तसंच. लगनात ताटातल्या तांदयात अंगठीनं नवं नाव लिवलं, माहेरचं नाव त्या तांदयात गेलं. त्याचा भात कोनी खाल्ला, देव जाने.”

हे जिजी नेहमी हसत सांगते. आज हसली नाही.

तेवढ्यात ओट्यावरून आबांचा खोकला आला. कान तिकडेच असणार. पेपर पुढ्यात धरलेला, पान मघापासून उलटलेलं नाही.

“बाई, क्रांतीनंतरचं सांगा त्यांना,” आबा पेपरामागून म्हणाले.

1917 नंतर चर्चची ती वही मागे पडली आणि सरकारी नोंद आली. आता पंचांग बघायचं कारण नाही. लोकांनी काय काय नावं ठेवली! ऑक्टोबर क्रांतीवरून ओक्त्याब्रीना. लेनिन उलटं वाचून निनेल. अशा नावांच्या गर्दीत स्वेतलानाला वाट सापडली. गोड होतं, जुनं वाटायचं आणि कुठल्या संताचं नव्हतं. 1926 मध्ये स्टालिनला मुलगी झाली, तिचं नावही स्वेतलाना. पुढे काही दशकांत हे नाव इतकं पसरलं की वर्गात एका हाकेला चार मुली उठाव्यात.

“स्टालिनची पोरगी?” जिजीने डोळे बारीक केले. “ती तर आपल्याकडं आली व्हती ना? माझा बाप सांगायचा.”

आली होती. तिचा जोडीदार ब्रजेश सिंह, उत्तर प्रदेशातल्या कालाकांकरच्या राजघराण्यातला कम्युनिस्ट. तो मॉस्कोत वारला. त्याच्या अस्थी घेऊन ती डिसेंबर 1966 मध्ये भारतात आली, गंगेकाठी त्याच्या गावी राहिली. आणि मार्च 1967 मध्ये एका संध्याकाळी दिल्लीतल्या अमेरिकन वकिलातीच्या दारात जाऊन उभी राहिली. तिथून परदेश. त्याआधीच बापाचं आडनाव टाकून आईचं घेतलं होतं. पुढे अमेरिकेत लग्न केलं आणि झाली लाना पीटर्स. 2011 मध्ये गेली ती त्याच नावाने.

“लाना?” जिजी ओरडलीच. “म्हंजे सूनबाईचं लाना हे?”

“तेच.”

“बापाचं नाव टाकता टाकता बिचारीनं सोताच्या नावाचंबी अर्धं टाकलं की!”

जिजीला कधी कधी असं काही सुचतं की मी पस्तीस वर्षं फळ्यावर काय लिहीत होते असा प्रश्न पडतो.

“पण जिजी,” मी म्हटलं, “लाना हे रूप तिनं तिकडे अमेरिकेत घेतलं. रशियात घरी सहसा असं म्हणत नाहीत. त्यांचं हाकेचं रूप वेगळंच असतं. आपल्या शाळेच्या हजेरीत माझ्या काळातच नताशा आल्या, तान्या आल्या, सोनिया तर आधीपासून. ही सगळी रशियातली लाडाची नावं. तिकडे वहीत लिहितात नताल्या, तात्याना, सोफ्या. आपण पाळण्यातली नावं तिकडेच ठेवली आणि हाकेची उचलून आणली.”

“मग तात्यानाबी कोन्या कवीनंच बनवली का?”

“बनवली नाही, वर आणली. आधी ते खेड्यातलं, मोलकरणींचं नाव समजायचे. पुश्किनने आपल्या मोठ्या काव्यातल्या नायिकेला ते मुद्दाम दिलं, आणि मग मोठ्या घरच्या बायकाही ठेवू लागल्या. आणि एकतर्फी नाही हो हे. आपली इंदिरा तिकडे गेली. कझाकस्तानात मुलींची नावं इंदिरा असतात.”

“तिकडं इंदिरा, इकडं लाना,” जिजीने हिशेब केला. “आपन साकर दिली, त्यांनी मीठ धाडलं.”

“असं का म्हणता? नावाचा अर्थ तर बघा. रशियनमधलं ‘स्वेत’ आणि आपलं ‘श्वेत’ एकाच मुळाचे. त्यांचा ‘स’ तो आपला ‘श’. आपण शंभराला शत म्हणतो, ते ‘स्तो’. आपलं दश, त्यांचं ‘द्येस्यात’. म्हणजे तुमच्या सासूबाईंनी स्वेतलाना नाकारून श्वेता ठेवली, तेव्हा त्यांनी...”

आणि इथे मी थांबले. कारण मला मघाशी सांगायचं राहिलेलं आठवलं. रशियात स्वेतलानाला घरी काय हाक मारतात, ते.

“जिजी, तुमच्या लेकीला हाक मारा बरं.”

“ती तर तिकडं सासरी हाये, संभाजीनगरले.”

“तरी मारा.”

जिजीने माझ्याकडे मी वेडी असल्यासारखं पाहिलं. मग सवयीने, मान मागे टाकून, घरातून गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी जी हाक गेली चाळीस वर्षं आम्ही ऐकली, ती मारली:

“स्वेताऽऽऽ!”

ओट्यावर पेपर खाली आला.

जिजीच्या तोंडी ‘श’ कधी नव्हताच. रशियाचं रसिया, शेताचं सेत, शेवटाचं सेवट. मी मराठीची बाई. इतकी वर्षं मनातल्या मनात लाल शाई फिरवत आले. आणि रशियातली प्रत्येक आई आपल्या स्वेतलानाला घरी हाक मारते ती नेमकी हीच. स्वेता.

“आबा,” मी भिंतीवरून विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला. “मासिकात होतं, बाई. बारशाच्या आधीच वाचलं होतं. म्हटलं, आईला श्वेता ठेवू द्या. हिच्या तोंडात ते गेलं की स्वेताच बाहेर येणार. मग कशाला भांडायचं?”

जिजीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ओट्याकडे. चाळीस वर्षं आपल्याच जिभेने नवऱ्याचा हट्ट पुरवला हे कळल्यावर बाईने काय करावं? जिजीने खाचेतली वाटी उचलली, आत गेली आणि काठोकाठ भरून आणली. पण माझ्यासाठी नाही. ओट्यावर आबांच्या पुढ्यात आदळली. “खा. लबाड मानूस.”

बारसं रविवारी झालं. घुगऱ्यांचा मोठा डबा, पाळण्याला केळीचे खांब आणि सुनेच्या पुण्याच्या मैत्रिणींचे मोबाइल वर धरलेले. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून श्वेता आली होती. ती पाळण्यावर वाकली, बायकांनी ‘कुर्रर्र’ केलं, पाठीवर धपाटे पडले. ती सरळ झाली आणि म्हणाली, “लाना.” सुनेचा चेहरा उजळला. आबांनी घुगऱ्यांची मूठ तोंडात टाकली, म्हणजे बोलावं लागू नये. मी जिजीकडे पाहिलं. जिजी शांत होती. मला त्या शांततेचा भरवसा वाटेना.

सोमवारी सकाळी भिंतीपलीकडून तेलाचा वास आला आणि पाठोपाठ आवाज. बाळाला पायांवर पालथं घेऊन जिजी रगडत होती.

“कशी आहे लाना?” मी विचारलं.

“बरी हाये माझी ल्हानी. रातभर झोपली माझी ल्हानी.”

आत सून ऐकत होती. तिला वाटलं, सासूबाई लानाच म्हणतात, जरा गावाकडचं वळण आहे एवढंच. खूष होऊन तिने मैत्रिणीला फोनवर सांगितलंही. जिजीने माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला आणि तेलाची वाटी भिंतीवर, निघालेल्या विटेच्या जागी ठेवली.

“घरात समद्यात ल्हान कोन? तीच ना,” ती म्हणाली. “मग चुकलं कुठं?”